पहिला बेस ॲम्प: निवडायचा कसा आणि दुकानात वाजवून पाहायचा कसा

बेस गिटार घेताना लोक चार दुकानं हिंडतात, दहा गिटारी मांडीवर घेऊन बघतात. ॲम्प मात्र "ह्याच्याबरोबर कुठला देता?" एवढं विचारून पाच मिनिटांत उचलतात. मग १५ वॉटचा छोटा कॉम्बो (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घरी येतो आणि पहिल्याच तालमीत ड्रमरसमोर त्याचा आवाज कुणाला ऐकू येत नाही. किंवा खोक्यावरचा आकडा बघून एक अजस्त्र पेटी येते आणि लिफ्ट नसलेल्या इमारतीत ती दोघांनी उचलावी लागते. दोन्ही टाळता येतं. पुढचा क्रम पहिल्यांदाच ॲम्प घेणाऱ्यासाठी आहे. जुने खेळाडू थेट सहाव्या पायरीवर गेले तरी चालेल.

१. आधी जागा ठरवा, मग ॲम्प

बेस कुठे वाजणार, हा पहिला प्रश्न. उत्तरं साधारण चारच असतात.

फक्त घरी सराव असेल तर १५ ते ४० वॉट, ८ किंवा १० इंची स्पीकर पुरतो. हेडफोनचं भोक आणि मोबाइल जोडायला ऑक्स इनपुट हवंच. फ्लॅटमध्ये राहत असाल तर हेडफोनचा आवाज स्पीकरइतकाच काळजीपूर्वक तपासा, कारण वर्षातले बरेच महिने तुम्ही त्यावरच वाजवणार आहात. खर्जाचा आवाज भिंत आणि स्लॅबमधून आरपार जातो. तुम्हाला हळू वाटणारा बेस खालच्या मजल्यावर नुसता "धम धम" ऐकू येतो.

ड्रमरबरोबर तालीम असेल तर १०० वॉट आणि १२ इंची स्पीकर ही किमान पायरी, आणि तीही काठावरची. २०० ते ३०० वॉट असेल तर जीव तोडून वाजवावं लागत नाही.

लहान हॉल, चर्चचा बँड, गोव्यातलं शॅक, जिथे साउंडवाला बेस मोठ्या स्पीकरवर घेत नाही, तिथे ३०० ते ५०० वॉट आणि दोन १० इंची किंवा दोन १२ इंची स्पीकर लागतात.

ऑर्केस्ट्रा आणि मोठ्या कार्यक्रमांत बेस साउंडवाल्याच्या मिक्सरमधून लोकांपर्यंत जातो. तिथे तुमचा ॲम्प फक्त तुम्हाला आणि ढोलकी-ड्रमवाल्याला ऐकू येण्यापुरता. अशा वाजवणाऱ्याने वॉटपेक्षा डीआय आउट, म्हणजे मिक्सरला थेट सिग्नल देणारं भोक, चांगलं आहे का ते बघावं.

२. वॉटचा आकडा वाचायला शिका

वॉट दुप्पट केले की आवाज ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो "थोडा वाढला" एवढंच जाणवतं. आवाज दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. त्यामुळे १०० आणि १२० वॉटच्या दोन ॲम्पमध्ये आकड्यावरून निवड करणं व्यर्थ आहे.

ज्या आकड्याकडे कुणी बघत नाही तो म्हणजे स्पीकरची संवेदनशीलता: १ वॉट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल. ९४ डेसिबलच्या पेटीला ५०० वॉट दिले काय आणि ९७ डेसिबलच्या पेटीला २५० वॉट दिले काय, आवाज सारखाच. पैसे मोजकेच असतील तर ते आधी स्पीकरवर खर्च करा.

दुसरी मेख: वॉट कुठले? आरएमएस किंवा सतत मिळणारे वॉट असतील तरच आकडा धरा. "पीक" लिहिलं असेल तर तो फुगवलेला समजा, आणि जुन्या टेपरेकॉर्डरच्या खोक्यावरचं ते पीएमपीओ आठवत असेलच. बेसच्या जगात कुणी पीएमपीओ सांगू लागला तर चहा घेऊन निघावं.

३. बेसला वेगळा ॲम्प का लागतो

चार तारांच्या बेसची जाड ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, पाच तारांच्या बेसची बी तार ३१ हर्ट्झवर. साध्या गिटारची सर्वांत खालची तार ८२ हर्ट्झची. सूर एक सप्तक खाली नेला आणि आवाज तेवढाच ठेवायचा असेल तर स्पीकरच्या कोनाला चौपट पुढेमागे हलावं लागतं. म्हणून मित्राच्या गिटार ॲम्पवर हळू आवाजात बेस वाजवला तर काही बिघडत नाही; जोरात वाजवला तर कोन मर्यादेपलीकडे फेकला जातो आणि कॉइल घासायला लागते. कीबोर्डचा ॲम्प त्यामानाने चालून जातो.

बहुतेक लहान कॉम्बो ४१ हर्ट्झ पूर्ण ताकदीने देतच नाहीत. कानाला जे ऐकू येतं ते मुख्यतः ८२ हर्ट्झचा दुसरा स्वरांश, आणि खालचा सूर मेंदू भरून काढतो. म्हणून "हा ३० हर्ट्झपर्यंत जातो का?" हा प्रश्न फारसा कामाचा नाही. "खालचे सूर एकमेकांपासून वेगळे ऐकू येतात का?" हा कामाचा.

१० इंची म्हणजे चटपटीत आणि १५ इंची म्हणजे खोल, असं सांगितलं जातं. त्यात तथ्य थोडं आहे, पण पेटीचं आकारमान आणि स्पीकरची बनावट याचा वाटा जास्त. १९६९ साली आलेला ॲम्पेग कंपनीचा ३०० वॉटचा, काचेच्या ट्यूबवर चालणारा एसव्हीटी ॲम्प आठ १० इंची स्पीकरच्या पेटीवरच प्रसिद्ध झाला, आणि त्याला कुणी खर्जात कमी म्हटलं नाही. त्या पेटीला वाजवणारे "फ्रिज" म्हणतात. का ते उचलल्यावर कळतं. आज क्लास डी नावाचं हलकं सर्किट आणि निओडिमियम चुंबकाचे स्पीकर आल्यामुळे वजन बरंच खाली आलंय. फेंडरचा १०० वॉटचा रंबल साधारण १० किलोचा आहे. रिक्षात मांडीवर घेऊन जाता येतो.

४. ओमचा हिशेब

नवखे जिथे ॲम्प जाळतात ती जागा ही. वेगळं हेड (स्पीकर नसलेला नुसता ॲम्प) आणि पेटी (नुसते स्पीकर) घेणार असाल, किंवा कॉम्बोला पुढे दुसरी पेटी जोडायचा विचार असेल, तर हा भाग दोनदा वाचा.

हेडच्या मागे किमान ओम (विजेच्या रोधाचं माप) लिहिलेले असतात, बहुतेकदा ४. याचा अर्थ त्याला जोडलेल्या सगळ्या पेट्यांचा मिळून रोध ४ ओमच्या खाली जाता कामा नये.

- ८ ओमची एक पेटी: ८ ओम. चालेल, पण पूर्ण वॉट मिळणार नाहीत.
- ८ ओमच्या दोन पेट्या: ४ ओम. चालेल, पूर्ण वॉट.
- ४ ओमची एक पेटी: ४ ओम. चालेल, पण पुढे दुसरी जोडता येणार नाही.
- ४ ओम आणि ८ ओम एकत्र: सुमारे २.७ ओम. ४ ओमच्या हेडला नाही चालणार.
- ४ ओमच्या दोन पेट्या: २ ओम. ॲम्पचं संरक्षण सर्किट तो बंद करेल, नाहीतर आउटपुट ट्रान्झिस्टर जातील.

फसगत अशी होते की पेटीच्या मागे दोन भोकं असतात, आणि एका पेटीतून दुसरीत वायर नेली की "मी तर ॲम्पला एकच पेटी जोडलीय" असं वाटतं. ती दोन्ही भोकं समांतर जोडलेली असतात. हिशेब दोन पेट्यांचाच होतो.

यावरून जाहिरातीतला आकडाही उलगडतो. फेंडर रंबल ५०० घ्या: ५०० वॉट मिळतात ते बाहेरून ८ ओमची आणखी एक पेटी जोडल्यावर. नुसत्या आतल्या स्पीकरवर ३५०. यात लबाडी नाही, माहितीपत्रकात तसं लिहिलेलं असतं, वाचणारे कमी. म्हणून पुढे वाढवायचा बेत असेल तर पहिली पेटी ८ ओमचीच घ्या.

ट्यूब ॲम्पचा वेगळा नियम: पेटी जोडल्याशिवाय तो कधीच चालू करायचा नाही. त्याच्या आउटपुट ट्रान्सफॉर्मरला भार मिळाला नाही तर आत विजेचा दाब (व्होल्टेज) वाढून तो जळतो.

आणि वायर. हेडपासून पेटीपर्यंत स्पीकर केबलच लागते, १.५ चौरस मिलिमीटर किंवा जाड. गिटारची केबल तशाच जॅकची दिसते, बसतेही, पण तिची आतली तार बारीक असते. जोरात वाजवल्यावर ती तापते. शक्यतो स्पीकॉनचा जोड असलेली जोडी घ्या. तो फिरवून कुलूप लागतो आणि गिटारची केबल त्यात चुकून शिरतच नाही.

५. जाताना सोबत काय न्यायचं

- स्वतःचा बेस, ज्या तारा नेहमी वापरता त्याच लावून. दुकानातल्या भारी बेसवर कुठलाही ॲम्प बरा वाटतो.
- ॲक्टिव्ह (आत बॅटरीवरचं सर्किट असलेला) बेस असेल तर नवी ९ व्होल्टची बॅटरी.
- स्वतःची ३ ते ५ मीटरची केबल, खात्रीची.
- ट्यूनर, हेडफोन आणि मोबाइलची ऑक्स वायर.
- टॉर्च आणि मोजपट्टी. गाडीची डिकी, लिफ्टचं दार आणि घरातली जागा आधी मोजून ठेवा.
- जुना ॲम्प बघायला जात असाल तर मल्टिमीटर.
- शक्य असेल तर एक मित्र, जो तुम्ही वाजवत असताना दूर उभा राहून ऐकेल.

निघण्याआधी फोन करा. मुंबईत धोबी तलावला फुर्ताडोजसारखी १८६५ पासूनची पेढी आहे, पुण्यात आणि पणजी-मडगावलाही वाद्यांची दुकानं आहेत. पण बऱ्याच दुकानांत मांडलेले असतात ते लहान कॉम्बो; मोठे मॉडेल मागवावे लागतात. आधी न विचारता गेलात तर जे समोर आहे तेच तुम्हाला हवं होतं असं पटवून दिलं जाईल. कामाच्या दिवशी सकाळी जा. शनिवारी संध्याकाळी शेजारी कुणीतरी ड्रम बडवत असतो.

६. दुकानात वाजवून पाहण्याचा क्रम

पाऊण तास लागेल. दुकानदाराला तसं आधी सांगा. घेणारा गिऱ्हाईक दिसला की तो वेळ देतो.

अ) *जागा.* ॲम्प कोपऱ्यात असेल तर बाहेर ओढायला सांगा. दोन भिंती आणि जमीन मिळून खर्ज फुगवतात. भिंतीपासून अर्धा-एक मीटर पुढे, जमिनीवरच ठेवा. ज्या ॲम्पची तुलना करायची तो त्याच जागी आला पाहिजे.

आ) *शांतता.* केबल न लावता मास्टर (एकूण आवाजाची खुंटी) नेहमीच्या पातळीवर आणा आणि ऐका. बारीक "स्स्स" चालतं. पंख्याची घरघर किती आहे बघा. घरी रात्री तीच टोचते. आता बेस जोडा, पण वाजवू नका. गुणगुण सुरू झाली आणि तारांना हात लावल्यावर कमी झाली, तर ती बहुधा बेसच्या पिकअपची आहे, ॲम्पला दोष देऊ नका. प्रत्येक खुंटी पूर्ण फिरवा. नव्या ॲम्पमध्ये खरखर येता कामा नये.

इ) *सगळं सपाट करा.* कॉम्प्रेसर, ड्राइव्ह, ब्राइट, कॉन्टूर अशी सगळी बटणं बंद. ईक्यूच्या, म्हणजे बेस-मिड-ट्रेबल कमीजास्त करणाऱ्या खुंट्या मधोमध. इथे एक अपवाद: ज्या खुंटीला मध्यावर "टक्" असा खाचा लागतो तिथे मध्य म्हणजे सपाट. जुन्या फेंडर धाटणीच्या ईक्यूमध्ये सगळ्या खुंट्या मधोमध ठेवल्या तर मधले सूर दबलेले असतात. तिथे मिड पूर्ण वर आणि बेस-ट्रेबल खाली ठेवल्यावर सपाटाच्या जवळ जातं. दुकानातला माणूस बहुतेक वेळा बेस आणि ट्रेबल चढवून, मिड पाडून ॲम्प देतो. एकट्याने वाजवताना तो आवाज मखमली लागतो. तोच आवाज गिटार, कीबोर्ड आणि ड्रमच्या मध्ये पार गायब होतो, कारण बेसचा सूर ओळखू येतो तो मधल्या पट्ट्यात, साधारण ७०० ते १००० हर्ट्झच्या आसपास.

ई) *गेन.* ॲक्टिव्ह-पॅसिव्ह बटण आपल्या बेसप्रमाणे लावा. तुमचा सर्वांत जोराचा फटका मारत गेन (ॲम्पमध्ये शिरणाऱ्या सिग्नलची खुंटी) वाढवा. क्लिपचा (सिग्नल फाटतोय हे सांगणारा) लाल दिवा लुकलुकला की किंचित मागे या. आता आवाज फक्त मास्टरने.

उ) *एकेक सूर.* ई तार उघडी वाजवा आणि पूर्ण विरेपर्यंत थांबा. मग एकेक पडदा सावकाश वर चढा, बाराव्यापर्यंत. तीन गोष्टी ऐका. एखादा सूर अचानक घुमतो का? एखादा मरतो का? कुठे स्क्रू, जाळी, मूठ थरथरते का? थरथर आली तर आधी आजूबाजूला बघा. स्नेअर ड्रमची तार, झांजा, काचेचं कपाट हे नेहमीचे गुन्हेगार. ॲम्पवर हात दाबल्यावर थांबली तर ॲम्पची.

घुमणारा सूर खोलीचाही असू शकतो. १० बाय १२ फुटांच्या खोलीत १२ फुटांची बाजू ४७ हर्ट्झच्या, तर १० फुटांची बाजू ५६ हर्ट्झच्या आसपास घुमते, म्हणजे ई तारेचा दुसरा आणि पाचवा पडदा. तुमच्या घरी हे होणारच आहे. दुकानात तो सूर घुमला तर दोन पावलं सरकून परत वाजवा. जागा बदलल्यावर फरक पडला तर दोष खोलीचा.

ऊ) *दूर जा.* लांब केबल लावून ३-४ मीटर मागे जा, किंवा मित्राला वाजवायला द्या. ॲम्प पायाशी असतो आणि वरचे सूर सरळ रेषेत जातात, म्हणजे ते तुमच्या गुडघ्यांना ऐकू येतात, कानांना नाही. जवळ उभं राहून ट्रेबल चढवणारे समोरच्या रांगेला कर्कश वाटतात, ते याचमुळे. मागे कलणारी पेटी किंवा साधी खुर्ची इथे कामाला येते. खुर्चीवर ठेवल्यावर खर्ज थोडा उतरतो, तेही ऐकून घ्या.

ए) *जोर.* आता तालमीच्या आवाजापर्यंत न्या. मास्टरच्या खुंटीवर भाळू नका. काही ॲम्प घड्याळाच्या १० वर ठेवले तरी गर्जतात आणि १२ नंतर नुसते फाटतात; ती फक्त खुंटीची रचना, ताकद नव्हे. सूर फाटायला लागतो तेव्हा आवाज किती आहे हे बघा. खालची ई जोरात मारल्यावर "फाट" असा आवाज किंवा पेटीच्या भोकातून "फस्स" ऐकू आलं तर तुमच्या कामाला हा ॲम्प लहान आहे.

ऐ) *तुलना सारख्या आवाजात.* दोन ॲम्पमधला जो किंचित मोठा असतो तोच आपल्याला चांगला वाटतो. मोबाइलचं डेसिबल ॲप एकाच जागी ठेवून दोन्ही सारखे करा. ॲपचा आकडा खरा नसला तरी तुलनेला पुरतो. मोबाइलवर रेकॉर्ड करून मात्र ठरवू नका, त्याचा माइक खर्ज गिळतो.

शेवटी वीस मिनिटं सलग वाजवा आणि मागे हात लावून बघा. कोमट चालतो, चटका बसत असेल तर पंखा चालू आहे का विचारा.

याहून चांगली चाचणी एकच: तेच मॉडेल असलेली जॅमरूम तासाच्या भाड्याने घ्या आणि बँडसकट वाजवा.

७. डीआय आउट

दुकानातल्या मिक्सरला एक्सएलआर वायरने जोडून ऐकायला मागा. प्री-पोस्ट बटण हवं: प्रीवर ठेवलं की तुम्ही ॲम्पचा ईक्यू कितीही फिरवा, साउंडवाल्याकडे सरळ सिग्नल जातो आणि तो ओरडत नाही. ग्राउंड लिफ्ट बटणही हवं. स्टेजवर गुणगुण आली की ते दाबायचं.

गुणगुण घालवायला प्लगची मोठी अर्थिंगची पिन काढून टाकणारे लोक भेटतील. हे कधीही करू देऊ नका. तुमचा हात लोखंडी तारांवर आणि ओठ माइकवर असतात. अर्थिंग नसलेल्या ॲम्पमध्ये बिघाड झाला तर प्रवाह तुमच्यातून जातो. जीव जातो.

८. परदेशातून आणत असाल तर

अमेरिकेतल्या भावाने सुटीला येताना ॲम्प आणावा, हा बेत बऱ्याच घरांत शिजतो. आधी मागच्या पट्टीचा फोटो मागवा. "१००-२४० व्होल्ट" असेल तर फक्त वायर बदलायची. "१२० व्होल्ट, ६० हर्ट्झ" एवढंच असेल तर आपल्या २३० व्होल्टला थेट लावल्यावर फ्यूज उडेल, किंवा त्याहून वाईट. मग स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, पट्टीवर लिहिलेल्या वापराच्या दीडपट ते दुप्पट क्षमतेचा, आणि तो दर कार्यक्रमाला उचलून न्यायचा. शिवाय तिकडची वॉरंटी इकडे बहुधा चालत नाही. हिशेब केला की बचत फारशी उरत नाही.

९. जुना घेताना

जाळी काढून टॉर्चने कोन बघा. कडेचा गोल फाटलेला नको. दोन्ही हातांची बोटं कोनावर समान ठेवून हलकेच आत दाबा. खरखर जाणवली तर कॉइल घासतेय, सोडून द्या. मल्टिमीटरवर ८ ओमचा स्पीकर साधारण साडेपाच ते सात ओम दाखवतो, ४ ओमचा तीन-साडेतीन. ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असेल तर त्याची खुंटी चढवून "स्स्स" येतं का ऐका. तोच सर्वांत आधी मरतो आणि विकणाऱ्याला कळलेलंही नसतं. स्क्रूची डोकी झिजलेली असतील तर आत कुणीतरी हात घातलाय, काय बदललं ते विचारा.

१०. कागद आणि घरी आल्यावर

- मॉडेल आणि सिरियल नंबर लिहिलेलं जीएसटी बिल.
- दुकानाचा शिक्का आणि तारीख असलेलं वॉरंटी कार्ड.
- खोक्यावरची आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी असलेली चिठ्ठी, तिचा फोटो. ती नसेल तर माल आडमार्गाने आलेला असू शकतो आणि दुरुस्तीला कुणी दारात उभं करत नाही.
- जुना असेल तर विकणाऱ्याचं मूळ बिल, आणि नसेल तर सिरियल नंबरसकट सहीची चिठ्ठी.

खोकं निदान वॉरंटी संपेपर्यंत ठेवा. घरात अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटलाच लावा. जुन्या चाळींत सॉकेटला तिसरं भोक असतं पण मागे वायर नसते, वायरमनकडून एकदा तपासून घ्या. ॲम्पखाली जाड फोम ठेवला तर खालच्या मजल्याकडे जाणारी थरथर कमी होते. उघड्यावर किंवा मंडपात वाजवणार असाल तर रात्री १० ते सकाळी ६ ध्वनिक्षेपकाला मनाई आहे, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतच आहे.

पावसाळ्यात, त्यातून कोकण-गोव्याच्या खाऱ्या हवेत, जॅक आणि खुंट्यांना गंज धरतो. आठवड्यातून एकदा अर्धा तास ॲम्प चालू ठेवा, सगळ्या खुंट्या दोन-चारदा फिरवा आणि प्लॅस्टिकऐवजी कापडी आवरण घाला. प्लॅस्टिकमध्ये दमट हवा कोंडून राहते.